दोनशे दहा मीटरवरची मिशी

१३ सप्टेंबर, शनिवार

कडी निघेना. अप्पा, म्हणजे माझे सासरे, मागच्या पायरीवरून सांगत होते, वर उचल आणि ओढ, वर उचल आणि ओढ. गच्चीचं दार उघडलं तेव्हा तो अजून क्रेनवर होता. आडव्या हाताच्या टोकाला, बारीक गाठीसारखा. कॅमेरा डोळ्याला लावला, अकरा वेळा बटण दाबलं. मग समोरच्या टॉवरवरची कबुतरं एकदम उठली आणि गाठ सुटली.

"पडला ना?" अप्पा म्हणाले.

पडला. सरळ खाली.

"घार तरंगते. हा पडतो. बहिरी ससाणा आहे."

अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बसलेला पक्षी त्यांना दिसत नाही, पडणारा दिसतो. ऑपरेशन दिवाळीनंतर.

खाली येऊन फोटो मोठा करून पाहिला. क्रेन स्पष्ट. टोकाला काळा ठिपका. आईंनी (सासूबाईंनी) चष्मा लावून पाहिलं. "कावळा आहे," म्हणाल्या आणि कुकरकडे गेल्या.

कॅमेरा मेधाचा. कॉलेजातली मेधा, कॅनडाला जाताना मला देऊन गेली. सोबत एकच छोटी लेन्स, पंचावन्नपर्यंत जाणारी. वाढदिवस, बारसं, पुस्तकांचं कपाट एवढ्यासाठी चांगली.

मोठी लेन्स हवी. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिलं. बरं वाटलं.

१४ सप्टें., रवि.

मोठागावच्या खाडीवर पक्षीनिरीक्षण गटाची रविवारची फेरी. अप्पांनी वही नेली. निवृत्त झाल्यापासून गटाची वही तेच ठेवतात. तारीख, जागा, पक्षी, संख्या. ड्राफ्ट्समनचं अक्षर, मोतीबिंदूनंतर थोडं मोठं झालंय इतकंच. कालची नोंद त्यांनी वाचून दाखवली. बहिरी ससाणा, एक, बांधकामाची क्रेन, सकाळी ६.५०.

ताम्हणेसरांनी वही मागितली. गट त्यांनी सुरू केला, त्यामुळे कुणी काही म्हणत नाही. खिशातून पेन्सिल काढली आणि नोंदीपुढे प्रश्नचिन्ह केलं.

"अप्पा, आधी मोतीबिंदू काढा, मग ससाणा बघू."

सगळे हसले. अप्पाही हसले.

परत येताना रिक्षात एकदाच बोलले. "गालावर काळी मिशी असते. ती फोटोत आली की झालं."

१६ सप्टें.

नेटवर तासभर. डोक्यात नुसते आकडे. ५५-२५०, ७५-३००, ७०-३००. आकडा जेवढा मोठा तेवढं दूरचं जवळ, एवढं कळलं. समीरचा पुण्याहून मेसेज: ३०० घे ना सरळ, जास्त आहे. नवऱ्याचा सल्ला दोन सेकंदांत आला, अंगठ्यासकट.

रात्रीच्या जेवणात अप्पांना आकडे सांगितले. त्यांचा हात ताटातच थांबला. "म्हणजे भागाकार आहे हा," म्हणाले.

१७ सप्टें.

अप्पा सकाळी आमच्या फाटकापासून बांधकामाच्या फाटकापर्यंत पावलं मोजून आले. दोनशे ऐंशी. पाऊल सत्तर सें.मी. क्रेनची उंची टॉवरच्या मजल्यांवरून काढली. मग कागदावर काटकोन त्रिकोण. क्रेनच्या टोकापासून आमच्या गच्चीपर्यंत दोनशे दहा मीटर.

मी कॉलेजात शिकवून आले तर कागद टेबलावर. वर ठळक: पक्षी ४५ सें.मी., मिशी २ सें.मी.

खाली:
५५ ने मिशी दीड ठिपका (पिक्सेल).
२५० ने साडेसहा.
३०० ने पावणेआठ.

पावणेआठ ठिपक्यांची मिशी. तीन वेळा वाचलं. आईंना वाचून दाखवलं. "एवढ्याशा मिशीसाठी?" त्या म्हणाल्या.

२० सप्टें., शनि.

अप्पांनी पक्षी केले. कंपनीतून निवृत्त होताना आणलेली निळ्या प्रिंटची गुंडाळी माळ्यावर होती. तिच्या कोऱ्या बाजूवर पूर्ण मापाचे दोन. एक मिशीचा, एक बिनमिशीचा. पाठ करडी, पोट पट्ट्यापट्ट्यांचं. मी रंगवायला लागले तर म्हणाले, पिसं नकोत, कडा हव्यात.

अप्पा गच्चीवर, कपड्याच्या चिमट्यांनी पक्षी दोरीला लावणार. मी खाली बांधकामाच्या फाटकाशी, छोटी लेन्स लावून. फोन चालू. ते पक्षी बदलणार, मी सांगायचं: आहे किंवा नाही. दहा वेळा.

बांधकामाचा वॉचमन येऊन शेजारी उभा राहिला.

"मॅडम, काय शूटिंग आहे?"
"पक्षी."
"कागदाचा आहे तो."
"माहितीय."

तो थोडा वेळ थांबला, मग खुर्चीच इकडे घेऊन आला.

दहापैकी पाच बरोबर. डोळे मिटून सांगितलं असतं तरी तेवढेच आले असते. अप्पा मात्र खूश. "म्हणजे चाचणी चालते," म्हणाले.

आनंद कशाचा, सांगता येणार नाही. दिवसभर पाय जमिनीला लागत नव्हते.

२१ सप्टें., रवि.

अप्पा फेरीला गेले नाहीत. गुडघा म्हणाले. गुडघ्याला काही झालेलं नाही, काल चार मजले तीनदा चढले.

दुपारी ताम्हणेसरांचा फोन. स्पीकरवर होता, ऐकू आलं. पाच ऑक्टोबरच्या रविवारी नवीन हंगामाची बैठक. वही आणा. यंदापासून ती गटातल्या गौरीकडे द्यावी असं सगळ्यांचं मत आहे. ती कॉम्प्युटरवरही चढवेल. "तुम्हाला आता आराम, अप्पा."

अप्पा "बरं" म्हणाले. दोनदा म्हणाले.

नंतर वही काढून बसले. मागची पानं. एकेक वर्ष. बोट ओळींवरून फिरत होतं, वाचत असतील असं नाही.

मी त्यांच्यासमोर कॅलेंडर धरलं. चौदा दिवस.

"पावसात येत नाही तो," अप्पा म्हणाले.
"मग दहा धरू."
"धर."

२४ सप्टें.

स्टाफरूममध्ये लेन्स हा विषय चालत नाही. भूगोलाच्या जोशीबाईंनी विचारलं, "चंद्रावरचे खड्डे दिसतील?" दिसतील म्हटलं. "मग घे," म्हणाल्या. गेल्या आठवडाभरातला सगळ्यात स्पष्ट सल्ला.

नवीन लेन्स परवडत नाही. वापरलेली चालेल. ठाण्यात ठक्करभाई म्हणून आहेत, कॅमेरे दुरुस्त करतात, जुन्या लेन्स ठेवतात. अप्पांच्या कंपनीच्या मासिकाचे फोटो तेच काढायचे. शनिवारी जायचं ठरलं.

"दुकानासमोर दोनशे दहा मीटर जागा असणार नाही," अप्पा म्हणाले. "गल्ली फार तर सत्तर मीटर." आणि एक तृतीयांश मापाचे दोन नवीन पक्षी केले, पंधरा सें.मी.चे. मिशी साडेसहा मिलिमीटर. ती त्यांनी माझ्याकडून भरून घेतली. म्हणाले, माझी रेघ आता जाड येते.

२७ सप्टें., शनि.

ठाणे. पाऊस थांबून थांबून पडत होता.

दुकान म्हणजे एक कपाट, एक टेबल आणि ठक्करभाई. अप्पांना ओळखलं. "साहेब, तुम्ही तर तसेच आहात," म्हणाले. अप्पा म्हणाले, "मला तुम्ही दिसत नाही, त्यामुळे मला काही सांगता येत नाही." दोघं बराच वेळ हसत राहिले.

तीन लेन्स काढून ठेवल्या. सत्तर-तीनशे, जड, सुंदर. ठक्करभाईंनी मागून टॉर्च लावला. आत कडेला पांढरे धागे. बुरशी. "खाडीची हवा. हा तुम्हाला नाही देणार मी." ती बाजूला.

राहिल्या दोन. एक ७५-३००. दुसरी ५५-२५०, हिच्यात हात हलला तर सावरून घेणारी यंत्रणा आहे. ती पहिलीत नाही.

"तीनशे तीनशे करत सगळे येतात, मॅडम. सहा महिन्यांनी माझ्याकडेच विकायला आणतात. हे कपाट बघा. सगळे तीनशेच."

अप्पांनी पिशवीतून पक्षी काढले. ठक्करभाईंनी ते हातात घेऊन पाहिले, मागची बाजू पाहिली. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आमच्याबरोबर गल्लीत आले.

अप्पा छत्री घेऊन पलीकडच्या टोकाला, झेरॉक्सच्या दुकानाशी. एका हातात छत्री, एका हातात पक्षी. मी इकडे. ठक्करभाई माझ्या डोक्यावर छत्री धरून.

आधी तीनशे. डोळा लावला आणि अप्पा अंगावर आले. शर्टाचं बटण. छत्रीच्या काडीवरचा थेंब. इतक्या दुरून माणूस इतक्या जवळ मी कधी पाहिला नव्हता. पक्षी विसरले. ठक्करभाई म्हणाले, "होतं असं पहिल्यांदा."

पण दाबलं की सगळं हलायचं. मिशी कधी मिशी, कधी डाग. दहापैकी सहा.

मग अडीचशे. अप्पा किंचित लांब, पण चित्र थांबलेलं. पाण्यात काठी रोवावी तसं. दहापैकी नऊ.

आकडा मोठा तशी थरथरही मोठी. हे कुणी आधी का सांगत नाही.

मी अडीचशेवर हात ठेवला. अप्पा म्हणाले, "आज ढगाळ होतं. उजेड कमी म्हणून हललं असेल. उन्हात परत बघू. एका मापावर निर्णय नाही."

ठक्करभाई म्हणाले, दोन्ही घेऊन जा. गुरुवारी दसरा, दुकान बंद. शुक्रवारी एक ठेवा, एक परत आणा.

दोन्ही. पिशवी पोटाशी धरून आले.

२८ सप्टें.

पाऊस. क्रेन धुक्यात. टोकच दिसत नाही.

दोन्ही लेन्स टेबलावर. आळीपाळीने लावते, काढते. खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली लोकरीची टोपी, तिचा एकेक टाका. अप्पा विचारतात, "आता काय?" मी सांगते. "आता?" सांगते. दुपार अशी गेली.

आज रविवार होता. फेरीचं कुणी नाव काढलं नाही.

३० सप्टें.

कॉलेज सुटल्यावर कल्याणच्या खाडीवर गेले. ऊन होतं. अडीचशे लावून. होडीत एकजण जाळं आवरत होता. पाण्याच्या थेंबांसकट जाळं आलं. मग तीनशे. जाळं हललं, पण ऊन असल्यामुळे तीनातला एक फोटो धारदार आला. आणि तो अडीचशेपेक्षा जवळचा.

तो ओरडला, "ओ बाय, फोटू कारतंस त मावऱ्याचा कार. माजा काय कारतंस?"

काठाला आला. मासळी दाखवली, फोटो काढून घेतला, मग स्वतःचाही काढून घेतला. पडद्यावर पाहिला. "म्हातारा झालू की रे," म्हणाला, माझ्याकडे नाही, फोटोकडे बघत.

ससाण्याबद्दल विचारलं. मान हलवली. घारी रोज, शेकड्यांनी. दुसरं काय, ठाऊक नाही.

निर्णय: अडीचशे. ठामपणे लिहून ठेवते. उन्हावर अवलंबून राहता येणार नाही.

१ ऑक्टोबर

आला.

६.४१ ला. आभाळ अर्धं उघडं. तीनशे लावलेली होती, बदलायला वेळ नव्हता. आठ फोटो, आठही हललेले. पक्षी ओला होता, पंख झटकत होता, एवढं मात्र दिसलं. अडीचशे चढवली तोवर त्याने पाठ केली. वीस मिनिटं पाठ. मग पडला. कबुतरं.

अप्पा कठड्याला धरून उभे. "किती मोठा?"
"कागदाएवढा."
"म्हणजे माप बरोबर आहे."

पाठ करडी आहे, हे त्यांना चार वेळा सांगायला लावलं.

२ ऑक्टो., दसरा

सकाळी गच्चीवर सातपर्यंत. तो नव्हता. खाली फुलबाजारासारखा वास. आईंनी हॉलमध्ये पाट मांडलेला. त्यावर अप्पांची कंपासपेटी, त्यांची टी-पट्टी, शिलाईमशीनची बॉबिन (मशीन जड म्हणून प्रतिनिधी), मिक्सर, स्कूटरची किल्ली, माझा लॅपटॉप. मी कॅमेरा ठेवला आणि अंघोळीला गेले. लेन्स कपाटात होत्या.

बाहेर आले तर त्याही पाटावर. उभ्या. तीनशेचं झाकण काढलेलं. काचेच्या बरोबर मधोमध ओलं कुंकू, वर हळद, वर अक्षता, एक झेंडूची पाकळी.

मी केस पुसायचं सोडून पाटापाशी बसले.

आई म्हणाल्या, "झाकण लावून कसली पूजा."
"आई, काचेवर?"
"मग कुठं? कपाळ आहे का त्याला? जिथं बघतो तिथं लावलं."
"आणि ही दुसरी?"
"ती धाकटी. तिला फूल वाहिलंय."

अप्पा आतून आले. डोळ्यांशी नेऊन पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "केंद्र अचूक काढलंय."

आणि मी हसायला लागले. आईही. त्यांना आम्ही का हसतोय ते कळलं नव्हतं, तरी.

दुपारी पुसायचा प्रयत्न केला. समीरचा मेसेज: घासू नकोस, ओरखडे पडतील. घासलं नाही. तांदूळ काढले, ब्रशने हळद. कुंकू सुकून बसलंय. कडेच्या खाचेत गेलंय. बघताना सगळं सूर्यास्तासारखं दिसतं.

हरकत नाही. परत करायची तीच होती. साफ करून द्यायला सांगेन.

३ ऑक्टो., शुक्र.

ठाणे. सुट्टी टाकली. अप्पांना नेलं नाही.

ठक्करभाईंनी तीनशेचं झाकण काढलं. पाहिलं. परत लावलं.

"पूजा झाली?"
"हो. सासूबाईंनी... मला माहीत नव्हतं."
"दसऱ्याची?"
"हो."
"मग हा तुमचा झाला, मॅडम."

मी म्हटलं, मला अडीचशे ठेवायची आहे. कुंकवाचं नुकसान भरून देते.

"नुकसान कुठे? काच मी साफ करतो, फुकट. पण दसऱ्याला ज्या घरात पुजलं त्या घरातून अवजार मी उचलत नाही. माझे वडील पण नाही घ्यायचे. उचललं तर ना तुमच्याकडे चालणार ना माझ्याकडे."
"पण मला तीनशे नको होती."
"नको होता तर कुंकू नको लावायचं होतं."

वाद घातला. बराच. मी वीस वर्षं मुलांना वाद घालायला शिकवते. ते ऐकत होते आणि काम करत होते. आधी रबरी फुग्याने फुंकलं, मग कसल्याशा द्रावाचा एक थेंब, मग काडीला गुंडाळलेलं मऊ कापड, मधून बाहेर, मधून बाहेर. काच स्वच्छ. खाचेत गुलाबी कड राहिली. तिला हात लावला नाही. "ही राहू द्या," म्हणाले.

अडीचशे घेऊन कपाटात ठेवली. मी तिला कपाटात जाताना पाहिलं. दोन्ही घेण्याएवढी ऐपत नाही, आणि हे त्यांनाही माहीत होतं, त्यामुळे विषय निघाला नाही.

निघताना म्हणाले, "हात हलतो ना? मग हातात धरू नका."

घरी सांगितलं. आई म्हणाल्या, "थोरली ठेवलीस ना? बरं केलंस." अप्पा उठले आणि माळ्याकडे बघत उभे राहिले.

संध्याकाळी पाचला गच्चीवर: अप्पांचा ड्रॉइंगबोर्ड, कठड्याला दोन शिकंजांनी आवळलेला. बोर्डावर मुगाची पिशवी, दोन किलो, सैल भरलेली. पिशवीत खळगा. खळग्यात लेन्स. बटण दाबून धरायचं नाही. दोन सेकंदांचा टायमर, दाबून हात काढून घ्यायचा आणि श्वास धरायचा.

मी खाली जाऊन बांधकामाच्या फाटकावर कागदी पक्षी लावले. वॉचमन म्हणाला, "मी बदलतो, तुम्ही वर जा." दहा वेळा त्याने बदलले, काय बदललं ते कागदावर लिहून ठेवलं.

दहापैकी दहा.

खाली जाऊन त्याचा कागद आणि माझा कागद ताडून पाहिला. दहापैकी दहा. अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, परत मोज.

४ ऑक्टो., शनि.

६.३५ ला आला. उजेड चांगला. वारा नाही.

पाठ. पाठ. पाठ. पंख उघडून एक पाय ताणला. परत पाठ. मी टायमर दाबते, हात काढते, श्वास धरते, सोडते. अप्पा मागे स्टुलावर, माझा श्वास ऐकत. एकदा म्हणाले, "घाई करू नकोस, त्याला करू दे." एकसष्ट फोटो. ७.३० ला खाडीकडे गेला. आज पडला नाही.

फोटो टीव्हीवर लावले. एकसष्टांपैकी एकात, त्रेचाळिसाव्यात, त्याने मान वळवलेली. अप्पा टीव्हीपासून वीतभर अंतरावर, खुर्ची पुढे ओढून. त्यांना करडा आकार दिसतो, मिशी नाही.

"आहे?"

मी खूप वेळ पाहिलं. डोळ्याखाली काळसर काहीतरी. उतरतं. मिशी असू शकेल. क्रेनच्या दोराची सावलीही असू शकेल, दोर बरोबर तिथून जातो.

आईंनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हण, असं ते पाहणं होतं. आज शनिवार. उद्या वही जाणार.

"वाटतं आहे," मी म्हटलं.
"वाटतं की आहे?"
"वाटतं."

अप्पा मागे टेकले. मला वाटलं, संपलं. पण त्यांचा आवाज वेगळाच होता. "बरं झालं खरं सांगितलंस. हो म्हणाली असतीस तर मी तो उद्या दाखवला असता, आणि ताम्हण्यांनी सावली पहिल्या मिनिटात काढली असती."

मग फोन मागितला.

"ताम्हणे, माझ्याकडे फोटो आहे. पुरावा होत नाही. उद्या बैठक माझ्या गच्चीवर घ्या. साडेसहाच्या आत. वही इथेच आहे, घेऊन जायची तर इथून न्या."

पलीकडून काय आलं ते कळलं नाही. अप्पा म्हणाले, "लिफ्ट नाही. चार मजले."

आई उठल्या. दूध जास्त सांगायला हवं म्हणाल्या.

५ ऑक्टो., रवि.

नऊजण आले. ताम्हणेसर, गौरी, बाकीचे सात. चढून दमलेले. ६.१५. बोर्डाभोवती उभे राहून मुगाकडे बघत होते. कुणीतरी विचारलं, "वहिनी, हे आमटीचं का?" आई म्हणाल्या, "नाही, ते ससाण्याचं. तुम्हाला चहा."

ताम्हणेसरांनी त्रेचाळिसावा फोटो कॅमेऱ्यावर पाहिला. "सावली," म्हणाले.
"असू शकेल," अप्पा म्हणाले.
एवढंच.

६.५२. आला. नऊ दुर्बिणी वर. पाठ. अर्धा तास पाठ. गौरी हळूच म्हणाली, "सर, छोटी घार वाटते." सर पाय बदलत उभे होते, गुडघा त्यांचाही. अप्पा स्टुलावर, क्रेनकडे तोंड, डोळे जवळजवळ मिटलेले. वही मांडीवर.

७.२० च्या पुढे असेल. टॉवरवरची कबुतरं उठली. अप्पा म्हणाले, "आता."

आणि तो पडला.

मी याआधी दोनदा पाहिलंय, तरी असं नाही. पंख मिटून, सरळ. कबुतरांच्या मधून एक गेलं. मग हवेत फक्त पिसं, आणि ती सावकाश खाली येत राहिली. ताम्हणेसरांनी दुर्बीण खाली घेतली होती, पण मान तशीच वर.

माझी लेन्स मुगात रुतलेली, क्रेनकडेच. मी दाबत होते. रिकाम्या क्रेनचे नऊ फोटो आहेत. फारच स्पष्ट आहेत.

"घार नाही," ताम्हणेसर म्हणाले.

थोड्या वेळाने: "पण बहिरी की त्याचाच भाऊबंद शाहीन, ते तोंड पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. दोघांनाही मिशी. पोट पाहायला हवं."
"मग पाहू," अप्पा म्हणाले.

सगळे एकदम बोलायला लागले. तांबूस होतं, नव्हतं, उजेड होता, तुझी दुर्बीण साधी आहे. गौरीने दोनदा सांगितलं की मान वळली तेव्हा तिने मिशी पाहिली, आणि दोनदा म्हणाली, बहुतेक. चहा थंड झाला. बैठक झालीच नाही. नवीन हंगामाचं कुणी काही ठरवलं नाही.

निघताना गौरीने वहीकडे पाहिलं, मग सरांकडे. सर जिन्याकडे वळले होते. अप्पांनी वही तशीच मांडीवर धरलेली. ती म्हणाली, "अप्पा, मग मी कधी..." आणि सरांमागे जिन्याकडे गेली.

लेन्सवर दिवसभर हात फिरतोय. शाहीनचं पोट तांबूस असतं म्हणे. तीनशेवर उन्हात रंग चांगला येतो.

६ ऑक्टो., सोम.

सकाळी सहाला बेल. ताम्हणेसर, एकटे. चहा नको म्हणाले. अप्पा आधीच वर गेलेले. मी लेन्स चढवून गच्चीवर पोचले तेव्हा दोघं कठड्याशी उभे होते, मध्ये वही उघडी, पान वाऱ्याने उडू नये म्हणून सरांचा हात त्यावर. क्रेन रिकामी. आठला बांधकामाचा भोंगा झाला, क्रेन फिरायला लागली. सर म्हणाले, उद्या पावणेसहाला येतो. माझं पहिलं लेक्चर बुडलं.